‘इथे थांबणे’: स्लाइडवरच्या डेरिवेशनबद्दल जरा लांबलेलं उत्तर

पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर डेरिवेशन (म्हणजे सूत्र पायरीपायरीने मांडून दाखवणं) शिकवताना मुलं शांत बसतात आणि नुसतं उतरवून घेतात, काय करू, हा तुमचा प्रश्न वाचताना एका ओळीपाशी थबकले. मुलांनी उत्तरपत्रिकेत सूत्र मांडताना मध्येच ‘मागील स्लाइडवरून’ असं लिहिलं, म्हणालात. माझ्या वर्गातल्या मुलांनी ‘इथे थांबणे’ असं लिहिलं होतं. पुढचं क्लिक करण्याआधी जरा थांबायचं, ही आठवण मी स्वतःसाठी स्लाइडच्या कोपऱ्यात टाकली होती आणि ती काढायची राहून गेली. सात-आठ जणांनी ती इमानेइतबारे उतरवली. तीही समासात नाही, समीकरणाच्या दोन पायऱ्यांच्या मधोमध. एका मुलीने तर खाली दुहेरी रेघ मारली होती. आधी हसले. मग तासभर गप्प बसून होते.

तर, ॲनिमेशन वाढवू का, की पॉवरपॉइंट सोडून दुसरं काही वापरू, हे तुमचे दोन प्रश्न. दोन्हींना माझं उत्तर ‘नको’. मोठी अक्षरं, कमी मजकूर, गडद-फिकट रंग वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. मी फक्त माझी चूक सांगते, कारण तुमची तीच चाललेली दिसते.

आधीच सांगून ठेवते की मी गणित आणि भौतिकशास्त्र शिकवते, तेही साधारण तेरा ते सोळा वयाच्या मुलांना. भाषा-इतिहासाचं गणित वेगळं असू शकतं, आणि लहान मुलांच्या वर्गाबद्दल मी बोलूच नये.

विषय होता गतीचं दुसरं समीकरण. वेग-काल आलेख काढायचा, रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन, त्या क्षेत्रफळाचे दोन तुकडे: खाली आयत, वर त्रिकोण. आयतातून सुरुवातीचा वेग गुणिले काळ मिळतो आणि त्रिकोणातून अर्धं त्वरण गुणिले काळाचा वर्ग. फळ्यावर वीस मिनिटांचं काम. मी त्याच्या अकरा स्लाइड केल्या. तिसऱ्या स्लाइडवर आलेख, चौथीवर आयत रंगवलेला, पाचवीवर त्रिकोण, आणि सहावीपासून नुसती समीकरणं, एका क्लिकला एक ओळ. रविवार गेला त्यात, पण झालं होतं देखणं, आणि मला त्याचा अभिमानही होता.

आठव्या स्लाइडवर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, काळ दोनदा कुठून आला?”

इतका चांगला प्रश्न वर्षातून दोन-तीनदाच येतो. त्याचं उत्तर त्या त्रिकोणात आहे. एक काळ म्हणजे त्रिकोणाचा पाया. दुसरा लपलाय उंचीत, कारण उंची म्हणजे वेगात झालेली वाढ, आणि ती त्वरण गुणिले काळ. बोटाने दाखवलं तर दहा सेकंदांचं काम. पण त्रिकोण होता पाचव्या स्लाइडवर. मी मागे जायला लागले, तर प्रत्येक ओळ एकेक करून उलटी नाहीशी व्हायला लागली. मुलं हसली. त्रिकोणापर्यंत पोचेपर्यंत विचारणाराच म्हणाला, “राहू द्या बाई, कळलं.” त्याला कळलेलं नव्हतं. मलाही ते दिसत होतं, तरी मी पुढे गेले, कारण अजून तीन स्लाइड बाकी होत्या आणि घंटा व्हायला पाच मिनिटं.

चाचणीत मी प्रश्न जरा फिरवून घातला. गाडी ब्रेक लावून थांबते, आलेख काढून विस्थापनाचं सूत्र मांडा. आलेख खाली उतरायला हवा होता आणि आयतातून त्रिकोण वजा व्हायला हवा होता. बहुतेकांनी चढती रेषा काढली, वर त्रिकोण जोडला आणि माझी अकरा स्लाइडची गोष्ट शब्दशः उतरवली, ‘इथे थांबणे’सकट. त्या तुकडीला तो पूर्ण घटक मी सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात पुन्हा फळ्यावर शिकवला. पुढचे दोन घटक त्यामुळे घाईत उरकावे लागले. ते नुकसान कशातच भरून आलं नाही.

बऱ्याच उशिरा मला कळलं की खोट मजकुरात नव्हती. फळ्यावर डावीकडे काढलेला आलेख तासाच्या शेवटीही तिथेच असतो. तिसऱ्या ओळीत अडकलेलं पोर मान वळवून पहिल्या ओळीकडे बघू शकतं, माझी परवानगी न घेता, कुणाला न कळता. स्लाइडवरची पहिली ओळ मी पुढे गेले की गेली. मग ती डोक्यात धरून ठेवायचं काम पोराचं. ज्याला ते जमत नाही ते समजून घेणं सोडतं आणि उतरवून घ्यायला लागतं, कारण निदान वहीतली ओळ तरी नाहीशी होत नाही. म्हणून तुमची मुलं शांत बसतात. उतरवून घ्यायच्या घाईत असतात बिचारी.

यावर कुणी म्हणेल, सोडवलेली उदाहरणं दाखवणं तर उपयोगाचं असतं. हो, असतंच. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर या शिक्षण-संशोधकांनी १९८५ साली बीजगणितावर नेमकं हेच दाखवलं होतं, की नवशिक्यांना नुसते प्रश्न सोडवायला देण्यापेक्षा सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली तर जास्त फायदा होतो. पण तिथे अख्खं उदाहरण कागदावर समोर होतं. माझ्या मुलांसमोर त्याचा अकरावा हिस्सा होता, तोही मी क्लिक करेपर्यंत. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांच्या प्रयोगांमधलंही एक निरीक्षण इथे लागू पडतं. चित्र दाखवत तोंडी समजावणं हे, चित्र, तोंडी स्पष्टीकरण आणि तेच शब्द पडद्यावर, या तिहेरी माऱ्यापेक्षा सहसा बरं ठरतं. याला अपवाद आहेत. ज्या मुलांची शिकण्याची भाषा घरची नाही किंवा ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांना पडद्यावरचे शब्द लागतातच. तेव्हा ‘स्लाइडवर शब्दच नकोत’ असा नियम करून बसू नका.

आता मी काय करते ते सांगते. माझ्या पद्धतीला कुणी आदर्श म्हणू नये, मला जमतं एवढंच.

डेरिवेशन पूर्ण फळ्यावर, हाताने, चुका करत. होय, चुका करत. मुलांनी मला अडखळताना, खोडताना, “थांबा, इथे उणे यायला हवं” म्हणताना बघायला हवं. स्लाइडमध्ये सगळं बरोबरच असतं, त्यामुळे विचार कसा करतात ते कधी दिसतच नाही. पडद्यावर फक्त तेच, जे मला हाताने काढता येत नाही किंवा हलवता येत नाही: धावत्या गोळ्याचे सलग टिपलेले फोटो, एखादी चित्रफीत, एखादं सिम्युलेशन (संगणकावर करून बघायचा प्रयोग). आलेख पडद्यावर हवाच असेल तर तो एकाच स्लाइडवर ठेवते आणि ओळी शेजारच्या फळ्यावर लिहिते. आलेख तासभर हलत नाही. फळा नसेल आणि सगळं पडद्यावरच करावं लागत असेल तर निदान आलेख छोटा करून प्रत्येक स्लाइडच्या त्याच कोपऱ्यात ठेवा. दिसायला कंटाळवाणं वाटेल, पण दुसरा काळ कुठून आला हे बोटाने दाखवता येईल.

पहिली स्लाइड मात्र माझी ठरलेली: मागच्या आठवड्यातला एक प्रश्न, उत्तराशिवाय. वह्या बंद, तीन मिनिटं, जे आठवेल ते लिहा. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहिलेलं जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र आठवून पाहणारे. माझ्या वर्गातही ज्या घटकांना हे केलं ते सत्राच्या शेवटी कमी विसरले गेले, पण ही माझी भावना, मोजमाप नाही.

आणि प्रश्न विचारल्यावर हात रिमोटवरून काढा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात असं आढळलं. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. रिमोट हातात असला की ते तीन सेकंद पाळणं मला तरी जमत नाही. अंगठा आपोआप दाबला जातो. मी तो टेबलावर ठेवून दोन पावलं लांब जाते.

आता थोडी तणतण. ज्या महिन्यात हे सगळं घडलं त्याच महिन्यात, जिथून आमच्या शैक्षणिक साहित्याची तपासणी व्हायची त्या कार्यालयाने (नाव सांगत नाही, आणि विचारूही नका) नमुना पाठवला. दर पाठाला किमान पंचवीस स्लाइड. पहिल्या तीन म्हणजे शीर्षक, उद्दिष्टं आणि सुविचार, शेवटची ‘धन्यवाद’. वर बोधचिन्हाची पट्टी, जिने पडद्याचा पाचवा हिस्सा खाल्ला होता. मी लिहून विचारलं की गणिताच्या पाठाला सहा स्लाइड आणि फळा चालेल का? उत्तर आलं, ‘सोबतचा नमुना पाहावा.’ सोबत तोच नमुना. पुन्हा लिहिलं, पुन्हा तोच नमुना. तिसऱ्यांदा मात्र वेगळं काही आलं: माझीच ती अकरा स्लाइडची फाइल, चौदा भरतीच्या स्लाइड जोडून पंचवीस केलेली आणि ‘आदर्श पाठ’ म्हणून सगळ्यांना पाठवलेली. ‘इथे थांबणे’ तिच्यात होतंच. कुणी उघडून बघितली असती तर काढलं असतं. तुमच्याकडेही असं मोजमाप असेल तर माझा (किंचित अप्रामाणिक) सल्ला: त्यांना हव्या तितक्या स्लाइडची एक फाइल जमा करा आणि वर्गात दुसरी वापरा. नोकरीवर बेतत असेल तर करू नका. मी निभावून नेलं, तुमचं कार्यालय कसं आहे मला ठाऊक नाही.

काही सुटे तुकडे, जसे आठवतील तसे. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड-शो चालू असताना कळफलकावरचं ‘बी’ दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. हे मला फार उशिरा कळलं. वर्ग पडद्याकडून तुमच्याकडे वळवायला याच्याइतकं सोपं काही नाही. स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे उडी मारता येते, म्हणजे माझ्यासारखं आठवरून पाचवर ओळी पुसत जावं लागत नाही. म्हणून महत्त्वाच्या स्लाइडचे क्रमांक चिठ्ठीवर लिहून ठेवते.

प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. तो फक्त प्रकाश टाकतो, काळं म्हणजे प्रकाश नसलेली भिंत. उजेडाच्या खोलीत तुमची झोकदार काळी पार्श्वभूमी राखाडी दिसते आणि त्यावरच्या बारीक रेषा गायब होतात. लाल-हिरव्याने दोन वक्रं वेगळी दाखवू नका. ज्यांना त्या रंगांतला फरक कळत नाही अशी मुलं, त्यातही मुलगे जास्त, तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. एक रेषा तुटक करा. आणि देवनागरी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, फाँट फाइलमध्ये अंतर्भूत करून ठेवा. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की जो कचरा दिसतो तो वर्गासमोर दिसू नये.

मोबाइलवरून मत घेणारी साधनं वापरत असाल तर निकालाचे खांब सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत लपवा. वाढता खांब दिसला की पोरं तिकडेच जातात. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझुर यांनी १९९१ च्या सुमारास सुरू केलेली पद्धत मला यात आवडते: आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याला पटवायचा प्रयत्न, मग पुन्हा उत्तर. मोबाइल नसतील तर रंगीत कार्डं चालतात. साधनाचा इथे फारसा संबंध नाही.

तुमचा पुढचा घटक बहिर्गोल भिंगाचा आहे असं लिहिलंय. किरणाकृती स्लाइडवर तयार नेऊ नका. किरण पट्टीने फळ्यावर काढा, मुलांना वहीत तुमच्याबरोबर काढू द्या, आणि फळ्याची ती बाजू तास संपेपर्यंत पुसू नका. मग कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट (PhET) या संचातलं प्रकाशाचं मोफत सिम्युलेशन उघडा आणि वस्तू हळूहळू भिंगाकडे सरकवा. प्रतिमा लांब लांब जाते, वस्तू नाभीवर आली की सापडतच नाही, आणि आत सरकवली की वस्तूच्याच बाजूला सुलटी, मोठी, आभासी होऊन येते. वस्तू नाभीवर पोचायच्या जरा आधीच हात काढून घ्या आणि विचारा, आता काय होईल? तिथे थांबायची स्वतःला आठवण ठेवायची असेल तर ती स्लाइडखालच्या नोट्सच्या चौकटीत लिहा. स्लाइडवर नको.