रुक्मिणीस्वयंवराचे पारायण आणि ‘पतिपरमेश्वर’

प्रश्न : मुलीचे लग्न लवकर जमावे म्हणून माझ्या सासूबाईंनी तिला एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवराचे पारायण करायला सांगितले. त्यात देवाशी लग्न म्हणजे जिवाशिवाचे मीलन, असा अर्थ असल्याचेही त्या म्हणाल्या. त्यावर मुलीने विचारले, ‘देवाला नवरा म्हणायचे, म्हणजे उद्या नवऱ्याला देव मानायचे का?’ मला उत्तर सुचले नाही. – एक भगिनी, नाशिक

उत्तर : आपल्या मुलीला ‘नाही’ असे निःशंकपणे सांगावे. नाथांनी हा ग्रंथ शके १४९३ मध्ये, म्हणजे १५७१ साली, काशीत पूर्ण केला. लग्न जमावे म्हणून त्याचे पारायण करण्याची प्रथा घरोघर रुजली असली, तरी सासूबाईंनी सांगितलेला अर्थच ग्रंथाच्या गाभ्याशी आहे. या रूपकातील वधू म्हणजे जीव, आणि जीव जसा बाईला असतो तसा पुरुषालाही असतोच. त्यामुळे वराची जागा एकट्या परमेश्वराची राहते, आणि आपले यजमान, होणारे जावई व हे उत्तर लिहिणारा मी, असे आम्ही सारे वधूच्या बाजूला उभे असतो. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत, म्हणजे विरहात झुरणाऱ्या स्त्रीच्या तोंडी घातलेल्या अभंगात, पलीकडे ओरडणाऱ्या कावळ्याचे पाय सोन्याने मढवण्याचे कबूल करून पंढरीराव घरी कधी येणार असे विचारले जाते, तेव्हा ती आर्जवे एका पुरुषाच्या मुखातून आलेली असतात. ‘पतिपरमेश्वर’ म्हणणारे ही उपमा उलटी फिरवतात, आणि मला ते मनापासून खटकते.

मग आईची उपमा असताना लग्नाची कशाला, असेही कोणी विचारील, कारण वारकरी विठोबाला माउलीच म्हणतात. मला वाटते, आई निवडता येत नाही, वर मात्र निवडता येतो, आणि स्वयंवर या शब्दातच ती निवड आहे. विदर्भाची राजकन्या रुक्मिणी हिचे लग्न तिचा भाऊ रुक्मी याने शिशुपालाशी ठरवले होते. तिने घरी येणाऱ्यांच्या तोंडून कृष्णाचे गुण ऐकले आणि त्यालाच मनाने वरले. भागवताच्या दशम स्कंधात तिचे सात श्लोकांचे पत्र आहे, ते एकदा सावकाश वाचावे. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची यात्रा असते व नववधू दर्शनाला नगराबाहेर येते, तेव्हा मला तेथून ने, म्हणजे माझ्या आप्तांचा वध टळेल, इतका तपशील ती मुलगी लिहिते. आणि तुझी कृपा झाली नाही तर शंभर जन्म घ्यावे लागले तरी प्राण देत राहीन, असेही सांगते. पत्र घेऊन आलेल्या ब्राह्मणाला कृष्ण म्हणतो की माझेही चित्त तिच्याकडेच लागले आहे, रात्री मला झोप येत नाही. भक्ताइतकीच ओढ देवालाही आहे, हे मला या कथेतले सर्वांत मोठे आश्वासन वाटते.

आपल्याकडच्या लग्नातला अंतरपाट डोळ्यांपुढे आणावा. मंगलाष्टके चालू असतात, अक्षता पडत असतात, आणि वधूवर हातभर अंतरावर समोरासमोर उभे असूनही मध्ये धरलेल्या एका कापडामुळे एकमेकांना दिसत नाहीत. अंतरपाट दूर होतो, तेव्हा दोघांपैकी कोणीही पाऊलभरसुद्धा चाललेले नसते. जिवाशिवामधले अंतर मी मुलांना समजावताना नेहमी याच कापडाचा दाखला देतो.

या नात्यात रुसण्याचीही मुभा आहे. रखुमाई रुसून दिंडीरवनात आली आणि देव तिच्यामागे आला, अशी पंढरपूरची कथा आहे. तिचे देऊळ आजही वेगळेच आहे.

पारायण करायचे की नाही, हे मुलीलाच ठरवू द्यावे. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा तिने एखाद्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून पत्राचा प्रसंग मोठ्याने वाचावा, आणि रुक्मिणीने भावाचे का ऐकले नाही, हे त्यांनाच विचारावे.