२४० झीला कोणतं इंजिन? माझ्या मते एल२८, पण ब्लॉकवरचा नंबर स्वतः वाचून

गाडी १९७२ ची डॅटसन २४० झी, मूळच्या एल२४ इंजिनाचा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आलेला, आणि त्या जागी एल२८, निसानचं टर्बो आरबी२५डीईटी की टोयोटाचं २जेझेड हा तुमचा प्रश्न. शेवटी तुम्ही लिहिलंय की गाडी शर्यतीला न्यायची नाही, लांबच्या प्रवासाला काढायची आहे. मला तेवढं पुरेसं आहे. एल२८ घ्या.

एल२४ आणि एल२८ ही एकाच घरातली इंजिनं. एल२४ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८३ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७३.७, म्हणजे २३९३ सीसी. एल२८ मध्ये ८६ आणि ७९, म्हणजे २७५३ सीसी. बाहेरून मात्र माप जवळपास तेच. तुमच्या जुन्या ब्लॉकवरचे माउंट ब्रॅकेट काढून नव्याला लावता येतात, गिअरबॉक्स तोच बसतो, बॉनेट बंद होतं, गाडीचं नाक जड होत नाही. वाढलेले ३६० सीसी खालच्या आरपीएमला ओढ म्हणून जाणवतात, आणि लांबच्या रस्त्यावर तीच ओढ लागते.

आरबी आणि जेझेड वाईट नाहीत. दोन्ही दणकट आहेत, लोखंडी ब्लॉकची आहेत. पण तिथे इंजिन हा कामाचा सर्वांत सोपा भाग असतो. माउंट नवे, ऑइल चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) चॅसिसच्या आडव्या क्रॉसमेंबरला अडणार नाही असं, प्रोपेलर शाफ्ट नवा, इंजेक्शनला लागणारा दाब देणारा पंप आणि टाकीकडे परतणारी लाइन, सगळं वायरिंग, मोठा रेडिएटर. मग मागचा आर१८० डिफरन्शियल तो टॉर्क झेपवत नाही म्हणून जास्त दणकट आर२००, आणि एवढं झाल्यावर जेमतेम टनभराच्या गाडीला ५० वर्षांपूर्वीचे ब्रेक. अर्ध्यावर थांबलेल्या ज्या झी मी पाहिल्या, त्या इंजिन बसल्यानंतर थांबल्या होत्या, वायरिंगपाशी. तुम्हाला ३०० हॉर्सपॉवर हवीच असती तर वेगळं बोललो असतो.

आता कोणता एल२८, इथे खरं डोकं लावावं लागतं. ब्लॉक आणि हेड (वरचं झाकण) दोन्हींवर ओतीव खुणा असतात, त्यांनीच ते ओळखतात. दोन ब्लॉक जास्त दिसतील: २८० झीमधला एन४२ आणि १९८१ ते ८३ च्या २८० झीएक्समधला एफ५४. एफ५४ मध्ये शेजारचे बोअर एकमेकांना जोडून ओतलेले असल्यामुळे ब्लॉक जास्त ताठ. शिवाय टर्बो नसलेल्या एफ५४ मध्ये सपाट डोक्याचे पिस्टन असतात. त्यावर मूळचं पी७९ हेड असेल तर कॉम्प्रेशन ८.८ च्या आसपास राहतं आणि साध्या पेट्रोलवर इंजिन शांत चालतं. याच पिस्टनवर लहान चेंबरचं (पेट्रोल जळतं ती पोकळी) एन४२ हेड चढवा असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. त्याने कॉम्प्रेशन १० च्या वर जातं, आणि एन४२ चा चेंबर उघडा असल्यामुळे उन्हात, चढावर, भरल्या गाडीत नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठोकाठोक) सुरू होतं. तुमचं जुनं हेड वाचलं असलं तरी ते जपून ठेवा, पण यावर बसवू नका. त्याचे वाल्व्ह लहान, ४२ आणि ३३ मिमीचे, एल२८ चे ४४ आणि ३५. पी७९ ची एक्झॉस्ट पोर्टं गोल असतात, जुना मॅनिफोल्ड चौकोनी पोर्टांचा, एवढं लक्षात ठेवून मॅनिफोल्ड बघा.

नंबर स्वतः वाचा हे मी कळकळीने सांगतो. मी एकदा 'एल२८' म्हणून इंजिन घेतलं, विकणाऱ्याच्या शब्दावर. घरी हेड उघडून बोअर मोजला तर ८३ मिमी. ते एल२६ होतं. त्याचा स्ट्रोक एल२८ चाच, बाहेरून ओळखू येत नाही. ब्लॉकवरचा ठोकलेला नंबर तेलाच्या थराखाली होता आणि मी तो पुसला नव्हता. डिझेलमध्ये भिजवलेला फडका आणि तारेचा ब्रश घेऊनच जा.

इंजिन चालू होत असेल तर गरम करून, थ्रॉटल पूर्ण उघडून सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण सहांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. हेड उतरवणार असाल तर आधी टायमिंग चेनमध्ये लाकडी पाचर ठोका. ती नसली की चेन ताणून धरणारा टेन्शनर बाहेर उडतो, आणि मग पुढचं कव्हर काढण्यावाचून इलाज राहत नाही. हेडवरचे कॅम टॉवर (कॅमशाफ्ट धरणारे आधार) दुसऱ्या हेडवर कधीही बदलू नका, ते त्याच हेडवर एका रेषेत बोअर केलेले असतात.

जोडताना सगळ्यांत जास्त लोक क्लचपाशी फसतात. रिलीज बेअरिंगचा कॉलर (बेअरिंग ज्यावर बसतं ती बाही) गिअरबॉक्सप्रमाणे नाही, प्रेशर प्लेटच्या उंचीप्रमाणे घ्यायचा असतो. २४० झीची प्रेशर प्लेट तर कॉलरही तिचाच. झीएक्सची प्लेट तर कॉलर झीएक्सचा. उंची चुकली की क्लच सुटत नाही किंवा सतत घसरतो, आणि गिअरबॉक्स पुन्हा खाली. जुनं ऑइल चेंबर, त्याचा पिकअप पाइप आणि डिपस्टिक एकत्र ठेवा. बदलायची वेळ आली तर तिन्ही मिळूनच बदला.

कार्ब्युरेटर तुमचेच ठेवा. १९७२ चे गोल माथ्याचे एसयू पद्धतीचे कार्ब्युरेटर नीडल बदलल्या की २.८ लिटरला व्यवस्थित पुरतात. फक्त इंजेक्शनवाल्या हेडवर मेकॅनिकल पेट्रोल पंपाची जागा आहे का ते बघा; नसेल तर कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप मागे टाकीजवळ लावा. झीएक्सचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर मिळाला तर सोडू नका, तो ज्यावर बसतो ते खालचं पेडेस्टल मात्र सोबत मागून घ्या.

आणि पैसे देण्याआधी एकदा बॅटरीच्या ट्रेखाली आणि तिथून मागे जाणाऱ्या चॅसिस रेलवर स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. पत्रा आत गेला, तर इंजिनाचं सगळं बाजूला ठेवून आधी वेल्डरला बोलवा. तिथले फोटो टाकलेत तर मी बघून सांगतो.