वीज ‘वाहते’ का, आणि इलेक्ट्रॉन ‘ऋण’ का?

प्रश्न असा: वीज काही पाण्यासारखी नाही, मग ‘विद्युतप्रवाह’ का म्हणायचं? आणि तारेतून सरकतात ते इलेक्ट्रॉन, तर नेमकं त्यांच्याच वाट्याला ‘ऋण’ का आलं?

दोन्ही शब्दांचं मूळ अठराव्या शतकात आहे. तेव्हाचे अभ्यासक वीज हा एक सूक्ष्म, वजन नसलेला द्रवच आहे असं खरोखर मानत. त्याला कारणही तसंच होतं. १७२९ साली इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे काचेची नळी घासून पिसं ओढण्याचा प्रयोग करत होते. नळीत धूळ जाऊ नये म्हणून दोन्ही तोंडांना बुचं लावलेली. पीस काचेऐवजी बुचाकडेच ओढलं गेलं! बूच तर कोणी घासलं नव्हतं; म्हणजे काचेतलं काहीतरी बुचात उतरलं होतं. ग्रेंनी बुचात काडी खोचली, टोकाला हस्तिदंती गोळी लावली, मग दोरा बांधून हे अंतर शेकडो फुटांपर्यंत नेलं. दोरा रेशमी धाग्यांवर टांगलेला असेपर्यंत सगळं जमलं. धागा तुटल्यावर पितळी तार लावली, तर वीज तिच्यातूनच निसटून गेली. ‘वाहक’ आणि ‘दुर्वाहक’ हा भेद तिथला. हे पाहिलेल्या माणसाला ‘वाहणं’ सोडून दुसरं क्रियापद सुचलं असतं असं मला वाटत नाही. पुढे १७४५-४६ मध्ये वीज साठवायचं पहिलं साधन निघालं, तेही बरणीच, नेदरलँड्समधल्या लेडन शहराच्या नावाची.

आता ‘ऋण’. १७३३ मध्ये फ्रान्सच्या द्यु फे यांनी वीज दोन प्रकारची असल्याचं सांगितलं होतं, काचेची आणि राळेची. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४७ मध्ये मांडलं की द्रव एकच. तो जादा झाला तर अधिक, कमी पडला तर उणे. मराठीत यासाठी आलेले ‘धन’ आणि ‘ऋण’ मला फार नेमके वाटतात. ब्रह्मगुप्तांच्या ६२८ सालच्या गणितात हीच जोडी आहे, आणि ऋण म्हणजे देणं, तूट. फ्रँकलिनना हाच अर्थ हवा होता.

रेशमाने घासलेल्या काचेत द्रव जादा होतो, असं त्यांनी धरलं. ते पडताळायचा मार्ग तेव्हा नव्हता. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि खरं उलट निघालं: घासताना काचेतूनच इलेक्ट्रॉन रेशमात जातात. म्हणजे ज्याच्याकडे इलेक्ट्रॉनांची भर, ते ‘ऋण’! तोवर धनाकडून ऋणाकडे ही प्रवाहाची दिशा रूढ होऊन अनेक दशकं लोटली होती. चिन्हं सगळीकडे सुसंगत वापरली की गणित बरोबर येतं, म्हणून ती कोणी बदलली नाहीत. माझ्या मते ते योग्यच झालं.

‘प्रवाह’ मात्र द्रवाची कल्पना गेल्यावरही टिकण्याजोगा आहे, कारण प्रभार, म्हणजे इलेक्ट्रॉनांसारखे विद्युतभारित कण, खरोखर सरकतात. फक्त फार हळू: बॅटरीला जोडलेल्या साध्या तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉनांची सरासरी पुढची चाल सेकंदाला मिलिमीटरभरही नसते. बटण दाबताच दिवा लागतो तो इलेक्ट्रॉनांना ढकलणारं विद्युतक्षेत्र तारेभर जवळजवळ तत्क्षणी पोचतं म्हणून.

तेव्हा ‘वीज वाहते’ बिनधास्त लिहा. ‘विद्युतप्रवाह’ आणि पाठ्यपुस्तकांतली ‘विद्युतधारा’ एकच. अँपिअरमध्ये मोजायची राशी म्हणून लिहिताना मी ‘धारा’ वापरतो, एरवी ‘प्रवाह’.