वाचकांचे प्रश्न : शिंगराच्या पायाची जखम भरतच नाहीये

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझं दीड वर्षाचं शिंगरू आहे, मादी. कुंपणाच्या तारेत पाय अडकला आणि मागच्या पायाला हॉकच्या (मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या) खाली, पुढच्या बाजूने कातडी सोलून लोंबत होती, आत पांढरं हाड दिसत होतं. लगेच डॉक्टर आले, धुवून टाके घातले, इंजेक्शनं दिली. पण चार-पाच दिवसांत अर्धे टाके सुटले आणि आता दोन आठवडे होत आलेत तर जखम पहिल्यापेक्षा मोठी दिसतेय. चालते, पण मधेच खूर पुढे दुमडतो आणि ठेचकाळते. बघणारे सगळे म्हणतात की ही आता पळत नाही, कशाला खर्च करता. मला तिला सोडायचं नाहीये. काय करू ते सांगा.

उत्तर : सोडू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी सोडण्यासारखं मला काही दिसत नाही, आणि का ते सांगते.

आधी टाक्यांचं. घोड्याच्या हॉकच्या किंवा पुढच्या गुडघ्याच्या खाली मांस जवळपास नसतंच, कातडी, तिच्याखाली शिरा (रक्ताच्या नव्हे, स्नायू हाडाला जोडणारे दोर, म्हणजे टेंडन) आणि लगेच हाड. कातडी ताणलेली, रक्तपुरवठा कमी आणि पाय दिवसभर हलता. त्यामुळे तिथले टाके सुटणं हे फार वेळा होतं, त्यात तुमच्या डॉक्टरांचा दोष धरू नका. टिकले तेवढे दिवस त्या कातडीने हाड झाकून ठेवलं, तो फायदा झालाच. आणि जखम मोठी दिसतेय म्हणता ना, ती खरंच मोठी होते. पायाच्या खालच्या भागातली उघडी जखम पहिले दोन आठवडे कडेने मागे सरकते, मग थांबते, मग हळूहळू आकसायला लागते. हे माहीत नसलं की माणूस नेमका याच वेळी घाबरून डॉक्टर बदलतो, औषध बदलतो, कुणी सांगेल ते लावत सुटतो.

खूर पुढे दुमडतो याचा अर्थ बहुतेक पुढच्या बाजूची, म्हणजे पाय पुढे टाकणारी शीर (एक्स्टेन्सर टेंडन) तुटलीय. ऐकायला भयंकर वाटतं पण पुढची शीर तुटणं हे मागची तुटण्यापेक्षा बरं. जाड बँडेज किंवा गरज पडली तर स्प्लिंट (आधाराची कडक पट्टी) लावून खूर सपाट टेकेल असं ठेवलं, तर मधली जागा भरून येते आणि घोडा पाय कसा टाकायचा ते शिकून घेतो. असे कितीतरी घोडे पुढे नीट कामाला लागतात. हीच जखम मागच्या बाजूला असती, घोटा खाली बसला असता किंवा खुराचं टोक वर उचललं गेलं असतं, तर मी एवढ्या खात्रीने बोलले नसते, कारण तिथल्या शिरांवर सगळं वजन असतं.

आता माझी खरी काळजी. जखम किती मोठी आहे यापेक्षा ती सांध्याच्या किती जवळ आहे हे जास्त महत्त्वाचं. सांधा उघडा पडलाय का हे तपासलं होतं का, एवढं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. जखमेतून पिवळसर, बोटाला तार धरणारं चिकट पाणी येत असेल, किंवा कालपर्यंत पाय टेकवणारी आज अचानक टेकवतच नसेल, तर सकाळची वाट बघू नका. सांध्याचं तोंड उघडं असतं तोवर आतलं पाणी वाहून जातं आणि घोडा फारसा लंगडत नाही, ते बंद झालं की आत पू साठतो आणि मग असह्य दुखतं, म्हणून सुरुवातीला बरी चालत होती यावर जाऊ नका. रोज सकाळ-संध्याकाळ ताप घ्या आणि वहीत लिहा. 38.5 सेल्सिअसच्या वर जायला लागला तर फोन करा.

दुसरं, धनुर्वात. घोडा हा धनुर्वाताला सगळ्यात नाजूक जनावरांपैकी एक आहे आणि लक्षणं साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, म्हणजे तुम्ही अजून त्या काळातच आहात. आधीची लस झाली होती का, आणि जखमेनंतर काय दिलं, टॉक्सॉइड (लस) की अँटिटॉक्सिन (तयार प्रतिविष) की दोन्ही, हे विचारून घ्या. चाल ताठ वाटली, कान ताठ झाले, डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा वर येताना दिसला, तर ती इमर्जन्सी.

तिसरं, ते उघडं पडलेलं हाड. हाडाच्या बाहेरच्या थराला वरच्या पातळ आवरणातून रक्त मिळतं, ते आवरण वाळलं की खालचा पापुद्रा मरू शकतो. मग जखम छान भरत आलीय आणि एका ठिकाणाहून पू काही थांबत नाही असं होतं. तसं दिसलं तर एक्स-रे काढून घ्या. तो तुकडा काढला की जखम सहसा पटकन मिटते, नुसती अँटिबायोटिकं बदलत बसून नाही मिटत.

रोजचं करायचं ते फार अवघड नाही, फक्त कंटाळा करायचा नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, त्याने धुवा. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करा, घट्ट आयोडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट यातलं काहीही उघड्या जखमेवर ओतू नका, जंतू मरतात तशा नव्या पेशीपण मरतात. मग न चिकटणारं ड्रेसिंग, त्यावर भरपूर कापूस सगळीकडे सारखा, त्यावर ताणाची पट्टी. कापूस कमी आणि पट्टी घट्ट झाली तर मागच्या शिरांना इजा होते, ती जखमेपेक्षा महाग पडते. बँडेजच्या वर सूज आली किंवा ती सारखी दाताने ओढायला लागली तर पूर्ण सोडून परत बांधा. आणि दुसऱ्या मागच्या पायालापण बँडेज बांधा, सगळा भार तोच घेतोय.

खुराक (दाणा) कमी करा, वाळलेला चारा आणि पाणी भरपूर ठेवा. बांधून ठेवलेल्या घोड्याची हालचाल कमी होते आणि पोटदुखी होऊ शकते, म्हणून लिदेवर लक्ष ठेवा. दिसेल अशा अंतरावर दुसरा घोडा असू द्या, तरणं जनावर एकटं ठेवलं की उड्या मारतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

किती दिवस लागतील ते आत्ताच मनाशी ठरवून ठेवा. कडेने येणारी नवीन कातडी या भागात दिवसाला जेमतेम 0.1 मिलिमीटर सरकते. म्हणजे गोष्ट महिन्यांची आहे. दर आठवड्याला शेजारी पट्टी धरून एकाच अंतरावरून फोटो काढा, रोज बघून काहीच कळत नाही.

प्रश्न : आमच्या घोड्याच्या नळीवरची (गुडघा किंवा हॉक आणि घोटा यांच्या मधल्या हाडावरची) जखम भरली पण आता लाल मांस कातडीच्या वर फुगून आलंय, हात लावला की रक्त येतं. मोरचूद लावून जाळून टाका म्हणतात. लावू का?

उत्तर : नको. मोरचूद फुगलेलं मांस जाळतो खरा, पण कडेची नवीन कातडीही जाळतो, म्हणजे तुम्ही परत पहिल्या पायरीवर. या मांसात नसा नसतात, त्यामुळे डॉक्टर ते कातडीच्या पातळीला कापतात तेव्हा घोड्याला फारसं कळत नाही, रक्त मात्र खूप येतं म्हणून घरी ब्लेड घेऊन बसू नका. आत काही मेलेलं हाड, लाकडाची ढलपी किंवा जंतू आहेत का ते त्यांना बघू दे, कारण मूळ कारण आत राहिलं तर मांस परत येणार. जखम भरल्यानंतरही सतत बांधून ठेवल्याने हे मांस वाढू शकतं, तेव्हा बँडेज कधी थांबवायचं हेही विचारा. जागा मोठी असेल तर मानेवरची कातडी बारीक बारीक तुकड्यांत लावता येते, आणि ते उभ्या घोड्यावरही होतं.

प्रश्न : तीन महिन्यांचं शिंगरू आहे, पायाला खोल जखम. ड्रेसिंगला त्रास होतो म्हणून आईपासून वेगळं ठेवू का? आणि दुखतंय म्हणून रोज ब्यूट (फेनिलब्यूटाझोन, घोड्यांचं वेदनाशामक) दिलं तर चालेल?

उत्तर : वेगळं अजिबात ठेवू नका, आईला समोर उभी करूनच ड्रेसिंग करा, एकाने आईला धरायचं, एकाने शिंगराला, तिसऱ्याने काम करायचं. आई दिसेनाशी झाली की ते पिणं सोडतं आणि धडपडून दुसरा पाय मोडून घेतं.

ब्यूट स्वतःच्या मनाने नाही, एक डोसही नाही. एवढ्या लहान वयात पोटात अल्सर होतात, किडनीवर येतं. दुखणं कमी करायलाच हवं हे अगदी खरं, पण कुठलं औषध, वजनाप्रमाणे किती आणि किती दिवस हे डॉक्टर ठरवतील, म्हणून अंदाजाने नाही, टेप लावून मोजून वजन कळवा. आणखी एक, चांगल्या पायाकडे रोज समोरून बघा. सगळा भार त्याच्यावर पडून वाढत्या वयात तो वाकायला लागतो, आणि थोडा वाकडा वाटला तरी त्याच आठवड्यात दाखवा, कारण हाडं वाढत असतानाच तो सरळ करता येतो.