लडलो गावी मुलगी एकटी राहणार आहे

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यातल्या लडलो या छोट्या गावी नोकरीसाठी जात आहे. तिथल्या पोलिसांच्या गुन्हे-नकाशात ‘हिंसाचार व लैंगिक गुन्हे’ या गटाचा आकडा सर्वांत मोठा पाहून माझी झोप उडाली आहे. तिला पाठवावे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपली काळजी मी समजू शकते, परंतु तो आकडा मन शांत ठेवून वाचायला हवा. या एकाच गटात गंभीर हल्ल्यांबरोबरच इजा न झालेली धक्काबुक्की, पाठलाग, छळ आणि धमकीचे संदेशही मोजले जातात. म्हणूनच इंग्लंडमधील बहुतेक गावांत हाच गट सर्वांत मोठा दिसतो. नकाशावरचा ठिपकाही नेमक्या घराचा नसतो. गोपनीयतेसाठी तो जवळच्या ठरावीक जागी, उदाहरणार्थ ‘सुपरमार्केटजवळ’ किंवा ‘वाहनतळाजवळ’ असा दाखवतात. शिवाय बाजारपेठेच्या गावात दरहजारी प्रमाण फुगते, कारण बाहेरून येणाऱ्यांसंबंधीचे गुन्हे मोजले जातात, पण भागाकार केवळ रहिवाशांच्या संख्येने होतो.

त्यामुळे एका महिन्यावर न जाता निदान वर्षभराचे आकडे पाहा, आणि घर ठरवण्यापूर्वी मुलीला त्या रस्त्याने अंधार पडल्यावर एकदा चालून पाहायला अवश्य सांगा. हिवाळ्यात तिथे चार वाजताच अंधारते. तातडीच्या प्रसंगी ९९९ आणि एरवी पोलिसांसाठी १०१ हे क्रमांक तिच्या फोनमध्ये आजच नोंदवा. शेजारपाजाऱ्यांचे ‘नेबरहुड वॉच’ मंडळ त्या गल्लीत असल्यास तिने पहिल्याच आठवड्यात त्यांची ओळख करून घ्यावी. माझ्या मते तिला जरूर पाठवावे.