पहिल्या गाडीसाठी नेव्हिगेशन घेताय? आधी हे वाचा

वेगळं यंत्र विकत घ्यायची घाई करू नका. तुमचा फोन पुरेसा आहे. मात्र फोन घेताना एक गोष्ट नक्की बघा, ती म्हणजे एल१ आणि एल५ अशा दोन्ही फ्रिक्वेन्सी घेणारा जीपीएस. उंच इमारतींवर आपटून येणाऱ्या सिग्नलमुळे होणारा गोंधळ त्याने बराच कमी होतो. उड्डाणपुलावर आहात की खाली, हे मात्र कधी कधी त्यालाही कळत नाही, तेव्हा पाटी वाचा.

अ‍ॅप दोन ठेवा. गूगल मॅप्स ट्रॅफिकसाठी, मॅपल्स हे मॅपमायइंडियाचं भारतीय अ‍ॅप आपल्याकडच्या पत्त्यांसाठी आणि चौकांच्या चित्रांसाठी. दोन्ही फुकट आहेत, आठवडाभर वापरून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ताम्हिणीसारख्या घाटात रेंज जाते. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशाला लागतं. म्हणून निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. ऑफलाइन असताना ट्रॅफिक दिसणार नाही, एवढं लक्षात असू द्या. मला एकदा अ‍ॅपने दहा मिनिटं वाचवायला रात्री शेतातल्या कच्च्या वाटेवर नेलं होतं. तेव्हापासून मी मार्ग निवडताना आधी गावांची नावं वाचतो. पावसाळ्यात वरंधसारखा घाट बंद असू शकतो, तेव्हा वाटेतल्या पंपावर विचारून घ्याच.

होल्डर एसीच्या जाळीवर लावा, चार्जर चांगला घ्या. पत्ता गाडी सुरू करण्याआधी टाका.