आजीची कसुतीची इरकल रोज नेसायची तर

अगं, कसुतीची, म्हणजे धारवाडकडचं भरतकाम असलेली, इरकल कापून कुर्ता शिवायची घाई करू नकोस. आधी पदर उजेडात धर. घडीवर रेशीम विरलं असेल तर नेसताना तिथेच फाटणार. मग खुशाल काप. धड असेल तर साध्या सुती ब्लाउजवर बिनधास्त ऑफिसला नेस. खणाची चोळी, नथ चढवलीस की हळदीकुंकवाला निघाल्यासारखं दिसतं!

नवीन घेताना कापड उलटं करून बघ. हातची कसुती धागे मोजून, गाठ न मारता भरतात. त्यातला गवंती टाका, म्हणजे दुहेरी धावदोरा, दोन्हीकडून सारखाच दिसतो. मागे कागदी अस्तर चिकटलेलं असेल तर ते मशीनचं काम. हातच्या कामाला घासाघीस नको.

धुताना रिठा, गार पाणी, सावली. आधी कोपरा भिजवून बघ. माझ्या पदराचा लाल रंग पहिल्याच धुण्यात कसुतीत भरलेल्या पांढऱ्या गोपुराच्या नक्षीवर उतरला.